घरगुती कान

भाऊजींनी चांगला चालता फ्रीज शेजाऱ्यांना देऊन टाकला, तेव्हा ताईने मला फोन करून एवढंच विचारलं, "तुझ्याकडे बर्फ आहे का गं? डोक्यावर ठेवायचाय."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. फ्रीजचा गुन्हा इतकाच, की तो शिट्टी मारतो असं भाऊजींचं म्हणणं. बारीक, एकसुरी, न थांबणारी शिट्टी. मेकॅनिक तीनदा येऊन, फ्रीजला कान लावून, काही न बोलता निघून गेला होता. त्याआधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून झाला होता, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट दोनदा बदलून झाली होती, आणि पाण्याच्या पंपावरून खालच्या मजल्यावरच्यांशी हमरीतुमरी झाली होती. आता फ्रीजचा नंबर लागला. तेव्हापासून ताई रोज सकाळी पातेलं घेऊन शेजारचं दार वाजवायची आणि स्वतःच्याच फ्रीजमधलं दूध विचारून आणायची.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण शिट्टी घरापुरती राहिली नव्हती. ती भाऊजींच्या कामात शिरली होती, आणि काम गेलं तर त्या माणसात मागे फारसं काही उरत नाही, हे मला ठाऊक होतं.

भाऊजी साउंड कार्ड दुरुस्त करतात असं कोणी म्हटलं की ते चिडतात. साउंड कार्ड म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी ती लोखंडी पेटी. आमच्यासारख्या रेकॉर्डिंगवाल्यांचं सगळं तिच्यावर चालतं. "पेटी सहसा बिघडत नाही," भाऊजी म्हणतात, "बिघडतं ते तिचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या बसलेला असतो. दोन्हीकडची माणसं शहाणी आणि मधला अर्धवट, मग लग्न मोडणारच." हे दुभाषे जाग्यावर आणायचं त्यांचं काम. म्हणून गावातले सगळे स्टुडिओवाले त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. ज्या माणसाला आयुष्यात सायकलसुद्धा धड चालवता आली नाही, त्याला हे नाव पडावं यात ताईला अजून मजा वाटते.

त्यांची कामाची पद्धत त्यांच्या वडिलांच्या किराणा दुकानातून आलेली. गिऱ्हाईक तेलाला भांडं घेऊन यायचं. वडील ते रिकामं भांडं तराजूच्या एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकून काटा सरळ करायचे. याला धडा करणं म्हणतात. भांड्याचं वजन आधी वजा, मग तेल ओतायचं. "आधी धडा, मग माप," असं वडील म्हणायचे, आणि भाऊजींनी ते वाक्य जसंच्या तसं साउंड कार्डांच्या जगात आणलं. कुठल्याही स्टुडिओत गेले की ते आधी सगळं बंद करायला लावून रिकामी खोली ऐकतात. खोलीचा स्वतःचा आवाज किती ते लिहून ठेवतात. मग एक वस्तू लावायची, ऐकायचं, लिहायचं. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसाशी ते दोन दिवस बोलत नाहीत.

त्यासाठी लांबट वही. वहीत शेवटची चार पानं वेगळी राखलेली, वर मथळा: "मी काहीच केलं नाही." खाली गिऱ्हाइकांची वाक्यं. "काहीच केलं नाही, फक्त कॉम्प्युटर नवा घेतला." "काहीच केलं नाही, पेटीवर फक्त फुलदाणी ठेवली होती, तीही पाण्याची." माझी त्यात तीन वाक्यं आहेत. जवळची म्हणून मला सूट नाही.

आणि कान! भाऊजींच्या कानांविषयी आमच्या धंद्यात दबदबा होता. एकदा फोनवर माझं रेकॉर्डिंग ऐकून ते म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमच्या खोलीचं दार अर्धं बोट उघडं आहे." मी उठून पाहिलं. होतं. अशा माणसाने "ऐकू येतंय ना?" असं विचारलं तर समोरचा काय म्हणणार? आमच्या धंद्यात "मला नाही बुवा ऐकू येत" हे वाक्य कोणी उच्चारत नाही. ते म्हणजे स्वयंपाक्याने मला चव कळत नाही म्हणण्यासारखं. सगळे मान डोलावतात. मीही डोलावते, उगीच खोटं कशाला बोलू.

गेले चार महिने नेमकं हेच चाललं होतं. भाऊजी जायचे, बिघाड काढायचे, आणि काम संपलं असं वाटत असतानाच डोळे मिटून म्हणायचे, "शिट्टी आहे. बारीक. येतेय ना?" स्टुडिओवाला म्हणायचा, "हो काका, आहे खरी." की भाऊजी पुन्हा सगळं उपसायचे. दुपारपर्यंत व्हायचं ते काम दुसऱ्या दिवसावर जायचं. लोकांनी तोंडावर हो म्हटलं आणि पुढच्या वेळी गुपचूप दुसऱ्याला बोलावलं. भाऊजींची समजूत अशी, की नवीन ड्रायव्हर सगळेच वाईट निघताहेत आणि आपल्याला ते जमत नाहीत. एका संध्याकाळी वही मिटून ते ताईला म्हणाले, "या महिन्याअखेर थांबतो, वही कपाटात टाकतो. माझ्या हातून आता काही धड होत नाही."

"हा माणूस घरी बसला ना," ताई मला म्हणाली, "तर माझ्या घरात विजेवर चालणारी एक वस्तू शिल्लक राहायची नाही." माझ्या मनात पाल केव्हाच चुकचुकली होती. बोलायचा धीर मात्र नव्हता.

आणि त्याच आठवड्यात माझी पेटी टकटक करायला लागली.

माझी रेकॉर्डिंगची खोली दहा बाय आठ, भिंतींना फोम, दाराला रबर, खिडकी नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी तिथे पुस्तकं रेकॉर्ड करते. त्या दिवशी एका पुस्तकाचे शेवटचे दोन धडे उरले होते. वाचणाऱ्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना नुसतंच बाई म्हणतो. बाई दुसऱ्या दिवशी मुलीकडे तीन महिन्यांसाठी निघणार होत्या. सकाळी दहाला त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि ऐकून पाहिलं तर दर दोन-तीन सेकंदांनी टक. टक. कोणी मधेमधे नखं कापतंय असं.

मी भाऊजींना बोलावलं. खरं सांगायचं तर दुसरा एक जण होता, तरुण, चटपटीत. त्याचा नंबर काढलासुद्धा होता. पण हात धजावला नाही.

भाऊजी आले, स्टुलावर बसले, कॉम्प्युटरला हातही न लावता म्हणाले, "काय केलंस?"

"काहीच नाही."

"बरं. काल कॉम्प्युटर बंद करताना काही बोलला?"

"अपडेट करतो म्हणाला. मी म्हटलं कर."

भाऊजींनी वहीची शेवटची पानं उघडून माझं चौथं वाक्य लिहिलं. मग कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी उघडून दाखवली. "हे बघ. तुझ्या पेटीचं नाव इथे कंपनीच्या नावाने दिसायला हवं. दिसतंय का? नुसतंच 'ऑडिओ' लिहिलंय. अपडेटने तुझा दुभाष्या हाकलून सरकारी बाबू बसवलाय. त्याला सगळ्या भाषा थोड्याथोड्या येतात."

कंपनीने तो जुना ड्रायव्हर आपल्या साइटवरून कधीच काढून टाकला होता. पण भाऊजींच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा असतो, आणि त्यात वीस वर्षांतले सगळे ड्रायव्हर जपून ठेवलेले. बायका बियाणं ठेवतात तसे. बाबूला काढलं, कॉम्प्युटर बंद-चालू केला, जुना दुभाष्या बसवला. टकटक मिनिटातून एकदा इतकी उतरली. मला वाटलं झालं. भाऊजींनी लिहिलं: "निम्मं."

मग ते बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला इथे उकडत नाही?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "हिने कालच माझ्यासाठी छोटा पंखा लावलाय. वाचताना बंद करतो, मधे चालू."

पंखा कुठे लावला होता? पेटीची वायर ज्या चार तोंडांच्या यूएसबी पट्टीत होती, त्याच पट्टीत, शेजारी चार्जिंगला लावलेला फोन. बंद असतानाही चार्ज होत राहणारा पंखा आणि फोन मिळून बिचाऱ्या पेटीच्या तोंडचा घास पळवत होते. वायर काढून थेट कॉम्प्युटरच्या मागे लावली. बाईंनी अख्खं पान वाचलं. एक टक नाही.

साडेअकरा वाजले होते. मला इतका आनंद झाला की मी चहा ठेवायला उठले. तेवढ्यात भाऊजींनी हेडफोन कानावर दाबला आणि डोळे मिटले.

"शिट्टी आहे," ते म्हणाले.

मी होते तिथेच पुन्हा बसले.

"येतेय ना?"

मी हेडफोन लावला. बाईंच्या श्वासाखेरीज आत काहीही नव्हतं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती आशा होती, आपण एकटे नाही याची. मी म्हटलं, "हो... आहे थोडी." बाईंनी हेडफोन लावला आणि चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका सांगितलेल्या त्या बाई म्हणाल्या, "हो हो, येतेय की."

झालं. भाऊजींनी आत्ताच बसवलेला ड्रायव्हर काढला. दुसरा घातला. तोही काढला. माइकची वायर बदलली, हेडफोन बदलला, पेटी उलटी करून पाहिली. प्रत्येक वेळी ऐकायचे, लिहायचे, विचारायचे, "आता?" आणि आम्ही दोघी म्हणायचो, "आहे." एकदा बाई उत्साहाच्या भरात म्हणाल्या, "आता जरा वाढली." मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

दीड वाजता ताई डबा घेऊन आली. दारातच तिला परिस्थिती कळली. भाऊजींनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. "ऐक."

ताईने ऐकलं. नीट, मन लावून. मग म्हणाली, "मला काहीच ऐकू येत नाही."

बाईंनी चटकन माझ्याकडे पाहिलं.

"तुझे कान घरगुती आहेत," भाऊजी म्हणाले.

"असतील. दूध उतू जाताना मला तीन खोल्यांपलीकडून कळतं, तेही घरगुतीच."

भाऊजींनी तेही वहीत लिहिलं आणि काम पुढे चालू ठेवलं, कारण त्यांची पद्धत अर्धवट सोडण्याची नाही. पेटी काढली, बाजूला ठेवली. शिट्टी आहे. कॉम्प्युटर बंद. आहे. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरी आहे. त्यांचा आवाज आता बारीक होत चालला होता. "म्हणजे भिंतीतल्या वायरी," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी माझ्या जागेचा मेन स्विच पाडला.

खिडकी नसलेली खोली भर दुपारी काळीकुट्ट झाली. भाऊजी चाचपडत आत आले, दार ओढून घेतलं, स्टुलावर बसले. फोम लावलेल्या त्या खोलीत इतकी शांतता होती की मला बाईंच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"आता?" भाऊजींनी विचारलं. "मेव्हणीबाई, आता येतेय?"

ताईने अंधारात माझा हात धरला.

"नाही, भाऊजी," मी म्हटलं. "येत नाहीये."

"आधी येत होती?"

"आधीही नाही. सकाळपासून नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माफ करा."

मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. अंधारात काय लिहिणार होते? पण त्यांनी लिहिलं, मी नंतर पाहिलं. वाकड्यातिकड्या अक्षरात, दोन ओळींच्या मधोमध: "सगळं काढलं. उरलो मी."

"धडा करायचा राहिला," ते हळूच म्हणाले. "अख्ख्या गावातल्या खोल्यांचा धडा केला. भांडं माझंच होतं, तेच वजा करायचं राहिलं." आणि मग, लहान आवाजात, "आता मी काय करू? या कानांवर मी पुन्हा कुणाच्या दारात उभा राहू?"

मला रडू आलं. लपवायचं कारण नव्हतं, अंधारच होता.

ताई मात्र रडली नाही. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "अहो, सकाळी ती टकटक होती ना? ती कशाने सापडली?"

"ड्रायव्हर बदललेला होता. आणि पंखा."

"ते तुम्हाला कानाने कळलं?"

भाऊजी विचारात पडले. खरंच पडले, हा माणूस समजूत काढण्यापुरतंसुद्धा हो म्हणणारा नाही. "नाही," ते शेवटी म्हणाले. "पंखा विचारल्याने सापडला."

"मग विचारणं कुठे गेलंय तुमचं? आणि कान हवेतच तर माझे घ्या. घरगुती आहेत, पण खोटं बोलत नाहीत." हे शेवटचं वाक्य तिने माझ्या दिशेने टाकलं.

अंधारात आधी एक घुसमटलेला आवाज आला. मला वाटलं, भाऊजी रडताहेत. ते हसत होते. "म्हणजे फ्रीज..." ते म्हणाले. "फ्रीज निर्दोष होता!"

"आणि पंपवाले," ताई म्हणाली. "त्यांच्याकडे जाऊन काय ते तुम्हीच सांगायचं. मी येणार नाही."

मेन स्विच वर गेला. डोळे चोळत आम्ही एकमेकांकडे पाहिलं, चौघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले होते. भाऊजींनी आधी डबा खाल्ला, मग सगळं पुन्हा जोडलं. सकाळच्याच क्रमाने, एकेक करून, वहीत बघून. जुना दुभाष्या तिसऱ्यांदा गादीवर बसला. प्रत्येक पायरीला ते हेडफोन ताईच्या डोक्यावर ठेवायचे आणि ती सांगायची: आहे, नाही. एकदा "खरखर आहे" म्हणाली, तर माइकची वायर खरोखरच अर्धवट बसलेली निघाली. भाऊजींनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की मी आणि बाई उगीच फोमकडे बघायला लागलो. पाच वाजायच्या आत बाईंनी शेवटचा धडा संपवला, आणि पुस्तकाच्या शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा कापला. तो मी तसाच ठेवलाय.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कानातच तयार होणारी शिट्टी, वयामुळे आणि चाळीस वर्षं हेडफोन वापरल्यामुळे. धोका काही नाही, पण जाईलच असंही नाही. "किती हर्ट्झची?" भाऊजींनी विचारलं. डॉक्टरांनी यंत्रावर सूर लावून आकडा काढून दिला. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय, खाली रेघ मारून: "धडा." रिकाम्या खोलीचा आवाज लिहिण्याआधी आता ते हा आकडा लिहितात. शिट्टी अजून येते म्हणे. पण आपली आहे हे कळल्यापासून तिचा त्रास निम्मा झाला, असं ताईला सांगत होते.

फ्रीज परत आला. आतमध्ये दूध ताईचंच होतं. पंपवाल्यांनी तासभर बसवून घेतलं आणि त्यांच्या बंद पडलेल्या स्पीकरचा ड्रायव्हर भाऊजींकडून बसवून घेतला, असा तो तह झाला.

महिनाअखेर आली आणि गेली. वही कपाटात गेली नाही. सुटलेली गिऱ्हाइकंही हळूहळू परतली, कारण तो चटपटीत पोरगा दोन गोष्टी एकदम बदलायचा.

परवा एका मोठ्या स्टुडिओत नवी पेटी बसवायची होती, भाऊजी आणि ताईबरोबर मीही बघायला गेले. पेटी लागली, ड्रायव्हर बसला, काचेमागे तीन-चार जाणकार मंडळी उभी. भाऊजींनी सवयीने हेडफोन कानावर दाबला, डोळे मिटले, आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. लगेच मालक पुढे झाला. "हो काका, मलाही येतेय. बारीक शिट्टी." मागच्या दोघांनी माना डोलावल्या.

भाऊजींनी हेडफोन काढून ताईच्या हातात दिला. तिने पर्स खाली ठेवली, हेडफोन लावला, अगदी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला नाही येत," ती म्हणाली.

भाऊजींनी वहीत ते लिहिलं आणि पत्र्याचा डबा पिशवीत घातला. "झालं काम," ते मालकाला म्हणाले. "हिला नाही येत."